रेमिंग्टन ७४२ वूड्समास्टर : मालकांचा जुना वाद आणि रिसीव्हरच्या आत दिसणारे उत्तर

मिशिगनमध्ये स्थायिक झालेल्या एका मराठी वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे एक सहकारी निवृत्त होत असून, १९७० च्या दशकात घेतलेली रेमिंग्टन मॉडेल ७४२ वूड्समास्टर ही .३०-०६ काडतुसाची अर्धस्वयंचलित (एकदा चाप ओढला की एक गोळी झाडून पुढचे काडतूस आपोआप भरणारी) रायफल, वर बसवलेल्या स्कोपसह, म्हणजे निशाण धरण्याच्या दुर्बिणीसह, आणि काडतुसे भरायच्या दोन मॅगझिनांसह, ते त्यांना माफक किमतीत देऊ करत आहेत. वाचक गेले काही हंगाम उसन्या बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीने (तिच्यात नळी मागून बंद करणारा बोल्ट दर गोळीनंतर हाताने मागे ओढावा लागतो) मिशिगनच्या उत्तरेकडील अप्पर पेनिन्सुलामध्ये हरणांच्या शिकारीला जातात आणि आता स्वतःची रायफल घेऊ इच्छितात. या मॉडेलच्या मालकांकडे चौकशी केली तेव्हा त्यांना दोन परस्परविरोधी मते ऐकायला मिळाली. काहींनी सांगितले की, ही रायफल वडिलांच्या काळापासून घरात आहे, दर नोव्हेंबरात बाहेर निघते आणि आजवर एकदाही अडकलेली नाही. इतरांनी तितक्याच ठामपणे सांगितले की, ही रायफल अडकतेच, आतून स्वतःलाच झिजवते, एकदा बिघडली की दुरुस्त होत नाही, तेव्हा थोडे जास्त पैसे टाकून ब्राउनिंग बार (बी.ए.आर.) ही दुसरी अर्धस्वयंचलित शिकारी रायफल घ्यावी. यांपैकी कोणावर विश्वास ठेवावा, असा त्यांचा प्रश्न आहे.

शिकारी बंदुकांच्या दुरुस्तीच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि ७४२ हे माझ्या टेबलावर सतत येणारे मॉडेल आहे, म्हणून मी हे उत्तर सविस्तर देतो. दोन्ही बाजूंचे मालक आपापल्या अनुभवाशी प्रामाणिक आहेत. ते एकाच मॉडेलच्या पण निरनिराळ्या वयाच्या रायफलींबद्दल बोलत असतात, आणि या रायफलीचे वय वर्षांवरून ठरत नाही, तिच्यातून आजवर किती गोळ्या झाडल्या गेल्या यावरून ठरते. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तर आपल्यासमोरची विशिष्ट रायफल घ्यावी की सोडावी, हे अर्ध्या तासाच्या पाहणीत ठरवता येते.

ही रायफल कशासाठी बनवली गेली, हे आधी पाहणे आवश्यक आहे. रेमिंग्टनची पहिली अर्धस्वयंचलित शिकारी रायफल जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्यावर बेतलेली होती. ती १९०६ मध्ये बाजारात आली, पुढे मॉडेल ८ या नावाने ओळखली गेली आणि १९३६ पासून तिची सुधारित आवृत्ती मॉडेल ८१ म्हणून १९५० पर्यंत बनत राहिली. त्या रायफलीत गोळी सुटल्यावर संपूर्ण नळी बोल्टसह मागे सरकत असे. रचना भक्कम होती, परंतु जड आणि बनवायला महाग होती, आणि .३०-०६ सारखे लांब काडतूस तिच्यात बसत नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत परतलेल्या लाखो सैनिकांच्या हाताला एम-१ गरँड या अर्धस्वयंचलित लष्करी रायफलीची आणि तिच्या .३०-०६ काडतुसाची सवय झालेली होती. तेच काडतूस झाडणारी, पण हलकी, सुबक आणि कारखान्यातील कामगाराच्या खिशाला परवडणारी शिकारी रायफल त्यांना हवी होती.

रेमिंग्टनने ही गरज एका मोठ्या योजनेचा भाग म्हणून भागवली. १९५० मध्ये ८७० ही पंप (पुढची मूठ हाताने मागे-पुढे करून काडतूस भरायची) शॉटगन, १९५२ मध्ये ७६० ही पंप रायफल आणि १९५५ मध्ये ७४० ही अर्धस्वयंचलित रायफल, अशी एकमेकींशी नाते सांगणारी मालिका त्यांनी उभी केली. चापाची संपूर्ण जुळणी या सर्वांत जवळजवळ एकाच पद्धतीची आहे. दोन आडव्या पिना काढल्या की ती अखंड खाली निघते, आणि सुरक्षा-बटण सर्वांमध्ये चापाच्या मागेच असते. ज्याने ८७० वापरली आहे त्याचे बोट ७४२ च्या सुरक्षा-बटणावर न शोधता जाते, आणि हा गुण शिकारीच्या दृष्टीने लहान नाही. ७४० मध्ये काही सुधारणा करून १९६० मध्ये ७४२ आली आणि १९८० पर्यंत तिचे सुमारे १४ लाख नग बनले. इतक्या मोठ्या संख्येने विकल्या गेलेल्या रायफलीबद्दल चांगल्या आणि वाईट अशा दोन्ही कथा विपुल सापडाव्यात, हे स्वाभाविकच आहे.

आता यंत्रणेकडे वळतो, कारण सगळ्या वादाचे मूळ तेथे आहे. गोळी नळीतून पुढे जात असताना नळीच्या खालच्या बाजूच्या एका बारीक छिद्रातून थोडा वायू खाली उतरतो, पुढच्या लाकडी मुठीच्या आत दडलेल्या भागांवर आदळतो आणि अ‍ॅक्शन बारला मागे ढकलतो. हा बार बोल्टला वाहून नेणाऱ्या कॅरियरला जोडलेला असतो. कॅरियर मागे सरकू लागला की एका कॅम-पिनमुळे बोल्टचे डोके फिरते, डोक्यावरचे लग, म्हणजे अडकणारे दात, नळीच्या मागील भागातील खाचांतून सुटतात आणि बोल्ट मोकळा होतो. येथपर्यंत रचना उत्तम आहे. पोलादाला पोलाद थेट नळीच्याच मागे अडकत असल्यामुळे स्फोटाचा दाब रिसीव्हरवर, म्हणजे बोल्ट आणि चाप सामावणाऱ्या मधल्या पोलादी कवचावर, येत नाही, आणि त्यामुळे रिसीव्हर हलका ठेवता आला.

अडचण त्यापुढे सुरू होते. मोकळ्या झालेल्या बोल्टचे डोके पुढे-मागे धावताना पुन्हा फिरू नये, म्हणून त्याच्या दातांना रिसीव्हरच्या आत कोरलेल्या मार्गिकांचा, म्हणजे रेलचा, आधार दिलेला आहे. बोल्ट वेगाने धावतो तेव्हा कॅम-पिन डोक्याला सतत फिरवू पाहते आणि दातांच्या कडा या रेलवर घासत, आपटत जातात. ७४२ च्या बोल्टवर मोठ्या दातांऐवजी ओळींनी मांडलेले अनेक बारीक दात आहेत, त्यांच्या कडा तीक्ष्ण आहेत, आणि रिसीव्हरचे पोलाद बोल्टच्या मानाने मऊ आहे. परिणामी पुष्कळ गोळ्या झाडल्यावर रेलवर समान अंतराने आडव्या खुणा उमटतात. नुकत्याच टाकी लावलेल्या पाट्यावर हात फिरवावा तसा त्या जागेचा स्पर्श होतो. खुणा खोल होत गेल्या की दात त्यांत अडखळतात, बोल्टचा वेग मंदावतो, रिकामी पुंगळी पूर्ण बाहेर पडत नाही किंवा पुढचे काडतूस पूर्ण आत जात नाही. शेवटी बोल्ट मध्येच रुतून बसू लागतो.

यावर कारखान्याचा उपाय कधीच नव्हता, कारण रेल ही वेगळी जोडलेली वस्तू नसून रिसीव्हरचाच भाग आहे, आणि रिसीव्हर हाच कायद्याच्या दृष्टीने रायफल असतो. अनुक्रमांक त्याच्यावरच असतो. रेलवरचे उंचवटे काळजीपूर्वक घासून आणि बोल्टच्या दातांच्या कडा गुळगुळीत करून काही काळ काढता येतो, पण निघून गेलेले पोलाद परत येत नाही. रेमिंग्टनच्या मूळ कंपनीची २०२० च्या दिवाळखोरीत विभागणी झाली आणि न्यूयॉर्क राज्यातील इलियन येथील जुना कारखानाही २०२४ मध्ये बंद झाला, त्यामुळे आता सुटे भाग जुन्या साठ्यांतून आणि मोडीत काढलेल्या रायफलींतूनच मिळवावे लागतात.

हे वाचून दुसऱ्या गटाचे म्हणणे बरोबर वाटेल, म्हणून पहिल्या गटाचा हिशेबही मांडतो. हरणाची शिकार करणारा सामान्य माणूस हंगामापूर्वी निशाण तपासायला चार-पाच गोळ्या झाडतो आणि हंगामात नशीब चांगले असेल तर एक किंवा दोन. २० काडतुसांची एक पेटी त्याला वर्षभरात संपवणे कठीण जाते. समजा त्याने दरवर्षी पूर्ण पेटी संपवली, तरी ४० वर्षांत त्याच्या रायफलीतून ८०० गोळ्याच गेल्या. तेवढ्याच गोळ्या नेमबाजीच्या मैदानावर नियमित जाणारा हौशी माणूस एका उन्हाळ्यात झाडू शकतो. वडिलांच्या काळापासून न अडकलेली रायफल आणि पाच वर्षांत निकामी झालेली रायफल यांच्यातील फरक बहुतेक वेळा इतका साधा असतो. त्यात तेल-ग्रीस न लावणे, मळलेले चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसण्याची जागा) आणि घरी भरलेली जास्त दाबाची काडतुसे यांची भर पडली की झीज आणखी लवकर होते. रेमिंग्टनने ही रायफल शिकाऱ्यासाठी बनवली होती, मैदानासाठी नव्हे, आणि शिकाऱ्याच्या मापाने मोजली तर तिने आपले काम चोख केले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

झिजलेली रेल धोकादायक असते का, हाही प्रश्न नेहमी येतो. बोल्ट नळीच्या मागील भागात अडकत असल्यामुळे रेलची झीज कुलूपबंदीच्या ताकदीवर थेट परिणाम करत नाही; हा प्रामुख्याने भरवशाचा प्रश्न आहे. परंतु गारठलेल्या बोटांनी, झाडावरच्या मचाणावर बसून, चेंबरमध्ये जिवंत काडतूस अर्धवट अडकलेली रायफल सोडवायची वेळ येणे हाच एक धोका आहे, आणि अशी शंका असलेली रायफल जंगलात नेऊ नये.

आपल्याला देऊ केलेली रायफल तपासायची ती अशी. मॅगझिन काढावे, बोल्ट पूर्ण मागे ओढून धरावा, आणि चेंबर रिकामे असल्याची खात्री डोळ्यांनी आणि बोटानेही करून घ्यावी. मग पुंगळी बाहेर पडण्याच्या उजव्या बाजूच्या खिडकीतून बारीक विजेरीचा प्रकाश आत टाकून रेलची कड पाहावी. पृष्ठभागावरची चमक किंवा अगदी पुसट ओरखडे असतील तर चिंता नको; पन्नास वर्षांच्या प्रत्येक ७४२ मध्ये ते असतात. नखाला लागतील अशा आडव्या खाचा, कडेला बाहेर वळलेले पोलाद किंवा आत पडलेला बारीक चुरा दिसला, तर किंमत काहीही असो, रायफल घेऊ नये. बोल्टच्या दातांच्या कडांवर टवके उडालेले किंवा धार बाहेर आलेली आहे का, तेही तेवढ्याच प्रकाशात दिसते. यानंतर बोल्टचा दांडा हाताने धरून अतिशय सावकाश पुढे-मागे न्यावा. निरोगी रायफलीत स्प्रिंगचा दाब एकसारखा जाणवतो. झिजलेल्या रायफलीत मध्ये कोठेतरी हाताला खडखडीत अडथळा लागतो.

बाहेरच्या रूपावरून मात्र काहीच ठरवू नये. नव्याने निळा मुलामा दिलेली चकचकीत रायफल आतून संपलेली असू शकते. उलट रिसीव्हरच्या खाली, जेथे चालताना हात धरतो नेमक्या त्या जागेवरचा मुलामा उडालेला असेल आणि रेल स्वच्छ असेल, तर ती रायफल जंगलात पुष्कळ फिरली आहे पण थोडीच झाडली गेली आहे, आणि विकत घ्यायला याहून चांगली ७४२ मिळत नाही. आपले सहकारी स्वतःच मूळ मालक आहेत, हा आपला मोठा फायदा आहे. ते वर्षाला किती काडतुसे वापरत होते, हे त्यांना सरळ विचारावे. शक्य असल्यास त्यांच्याच काडतुसांनी दहा-बारा गोळ्या झाडून रिकाम्या पुंगळ्या गोळा कराव्यात. पुंगळीच्या कडेला एक्स्ट्रॅक्टरने, म्हणजे पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याने, ओरबाडलेले किंवा फाडलेले दिसले, तर चेंबर पुंगळीला धरून ठेवत आहे असे समजावे.

चेंबरबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण “अडकते” म्हणून माझ्याकडे येणाऱ्या ७४२ पैकी बऱ्याच रायफलींची रेल ठीक असते आणि दोष चेंबरचा असतो. बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीत बोल्ट काढला की मागून सरळ सळई घालून नळी आणि चेंबर दोन्ही स्वच्छ होतात. ७४२ चा रिसीव्हर मागून बंद आहे, त्यामुळे मालक पुढून, म्हणजे नळीच्या तोंडातून, सळई घालतात, तीही बहुधा चेंबरच्या अलीकडे थांबते, आणि काजळी नेमकी तेथेच साठत जाते. पावसात किंवा बर्फात भिजलेली रायफल तशीच कपाटात ठेवली की त्या काजळीखाली गंज धरतो आणि चेंबरच्या भिंतीला बारीक खड्डे पडतात. गोळी सुटताना पितळी पुंगळी फुगून त्या खड्ड्यांत रुतते, एक्स्ट्रॅक्टर तिची कड पकडून ओढतो, आणि एक तर कड फाटते किंवा बोल्टचा वेग तेथेच संपतो. मालकाला वाटते की रायफलीची रचनाच वाईट आहे.

यासाठी लवचिक दांड्यावर बसणारा चेंबरचा ब्रश मिळतो. तो खिडकीतून आत घालून, द्रावक लावून, फिरवून घ्यावा आणि नंतर कापडाच्या बोळ्याने चेंबर पूर्ण कोरडे करावे. चेंबरमध्ये तेलाचा थर राहू देऊ नये, कारण पुंगळीने भिंतीला धरायचे असते. तेल असले की तो जोर बोल्टवर जातो. वायूचे भागही स्वच्छ आणि कोरडे असावेत. रेलवर आणि बोल्टच्या दातांच्या कडांवर मात्र ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवावा. मालकांच्या अनेक पिढ्यांनी नेमके याच्या उलट केले आहे, म्हणजे चेंबरमध्ये तेल सोडले आणि रेल कोरडी ठेवली. नळीच्या तोंडातून सळई घालणे अटळ असल्याने तोंडाची कड घासली जाऊ नये म्हणून सळईवर मार्गदर्शक शंकू वापरावा, आणि खरेदीच्या वेळी ही कड झिजलेली नाही ना, हेही पाहावे.

मॅगझिनबद्दल एकच सूचना पुरेशी आहे. चार काडतुसांचे मूळ रेमिंग्टन मॅगझिन वापरावे. इतरांनी बनवलेली, विशेषतः जास्त क्षमतेची, मॅगझिने ही अडकण्याची स्वतंत्र आणि पूर्णपणे टाळता येणारी कारणे आहेत. आपल्याला दोन मूळ मॅगझिने मिळत असतील तर त्यांची किंमत वेगळी धरावी, कारण ती आता सहज मिळत नाहीत. काडतुसे कारखान्यात भरलेली, १५० ते १८० ग्रेन वजनाच्या गोळीची घ्यावीत. पुढे कधी घरी काडतुसे भरावीशी वाटली, तर पुंगळी मूळ मापावर आणणारी स्मॉल-बेस डाय वापरावी आणि फार सावकाश जळणारी दारू टाळावी, कारण तिच्यामुळे वायूच्या छिद्रापाशी दाब जास्त राहतो, बोल्ट अधिक वेगाने मागे फेकला जातो आणि रेलची झीज वाढते.

आता ब्राउनिंग बारचा विचार करू. प्रथम एक गैरसमज दूर करतो : १९१८ च्या लष्करी ब्राउनिंग स्वयंचलित रायफलीचे आद्याक्षरी नाव तेच असले तरी या शिकारी रायफलीचा तिच्या यंत्रणेशी संबंध नाही. शिकारी बार १९६७ मध्ये बाजारात आली, जॉन ब्राउनिंग यांचे नातू ब्रूस ब्राउनिंग यांचा तिच्या आराखड्यात प्रमुख वाटा होता आणि बेल्जियममधील एफ.एन. कारखान्याने ती बनवली. तिच्या फिरत्या बोल्टला सात दात आहेत, ७४२ सारखी रिसीव्हर खाणारी झीज तिच्यात होत नाही, आणि .३०० विंचेस्टर मॅग्नमसारखी जोरदार काडतुसे ती सहज पचवते. तिचे मॅगझिन खाली उघडणाऱ्या झाकणाला जोडलेले असते, त्यामुळे ते जंगलात पडून हरवत नाही. तिच्या उणिवाही आहेत. ती हातात जड लागते, तिच्या पिस्टनकडे लक्ष द्यावे लागते, पूर्ण खोलणे सामान्य मालकाचे काम नाही, आणि जुन्या रायफलींत रिसीव्हरच्या मागच्या टोकाचा बफर, म्हणजे बोल्टचा धक्का झेलणारा तुकडा, कालांतराने ठिसूळ होतो. परंतु हा बफर बदलता येतो. बारमध्ये लवकर झिजणारा भाग बदलता येण्याजोगा आहे, ७४२ मध्ये तो खुद्द रिसीव्हर आहे, आणि दोन्ही रायफलींच्या किमतीतील फरकाचे मला पटणारे समर्थन हेच आहे. आपल्याला उन्हाळ्यात वारंवार मैदानावर जाऊन नेमबाजी करायची हौस असेल, तर बारच घ्यावी, आणि बेल्जियमची की पोर्तुगालमध्ये जुळणी झालेली यावर मालक जो वाद घालतात त्यात फार गुंतू नये. रायफल आतून कशी आहे हे पाहावे.

या दोघींच्या बरोबरीने विंचेस्टर १०० चे नाव घेतले जाते. १९६१ ते १९७३ या काळात बनलेली ती देखणी रायफल आहे, मात्र तिच्या फायरिंग पिना, म्हणजे काडतुसावर आघात करणाऱ्या पिना, तुटत असल्यामुळे कंपनीने त्या बदलून देण्यासाठी रायफली परत मागवल्या होत्या. पिन बदलल्याची खात्री झाल्याशिवाय ती झाडू नये. ७४२ नंतर १९८१ मध्ये आलेल्या ७४०० मध्ये रेमिंग्टनने बोल्टवरच्या अनेक बारीक दातांऐवजी चार मोठे दात दिले. दोन्ही सारख्याच अवस्थेत, सारख्याच किमतीत मिळत असतील तर मी ७४०० सुचवीन.

पंप-अ‍ॅक्शनच्या ७६० चा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. बोल्ट हाताच्या वेगाने धावत असल्याने तिची रेल अशी खराब होत नाही, चेंबर थोडे मळले तरी हाताच्या जोरावर पुंगळी निघते, आणि खांद्याला ती ७४२ सारखीच बसते. पेनसिल्व्हेनियात हरणांच्या शिकारीला अर्धस्वयंचलित रायफलीची परवानगी नसल्याने तेथे ७६० आणि तिची वारस ७६०० घरोघरी आढळतात, आणि सरावलेला पेनसिल्व्हेनियाचा शिकारी दुसरी गोळी ७४२ च्या मालकाइतक्याच वेळात झाडतो. अशी रायफल समोर आली तर तिच्याकडे दुर्लक्ष करू नये.

एवढे दोष सांगितल्यावर ७४२ चे गुणही तितक्याच स्पष्टपणे सांगणे माझे कर्तव्य आहे. मालक सर्वांत जास्त कौतुक करतात ते झटपट दुसऱ्या गोळीचे. मला तो गुण दुय्यम वाटतो, कारण पहिली गोळी नीट लागली तर दुसरीची गरज नसते आणि चुकली तर हरीण सीडरच्या दाट झाडीत दिसेनासे झालेले असते. खरा गुण आहे तो धक्क्याचा. बोल्ट मागे सरकण्यात आणि स्प्रिंग दाबण्यात .३०-०६ चा झटका पसरला जातो, तो खांद्याला टोचण्याऐवजी ढकलल्यासारखा लागतो, आणि गोळी झाडल्यावरही डोळा हरणावरून हटत नाही. ते कोणत्या दिशेने गेले, शेपटी वर होती की खाली, पाय लटपटला का, हे दिसणे जखमी जनावराचा माग काढताना फार मोलाचे ठरते. धक्क्याला बिचकून चाप झटक्याने ओढणाऱ्या अनेक शिकाऱ्यांचे निशाण केवळ या रायफलीने सुधारलेले मी पाहिले आहे. शिवाय सुमारे साडेसात पौंड वजनाची ही रायफल शॉटगनसारखी हलणाऱ्या जनावराबरोबर सहज वळते.

अचूकतेबाबत अपेक्षा वास्तव ठेवावी. १०० यार्डांवर दोन ते तीन इंचांत गोळ्या पडल्या तर रायफल निरोगी आहे आणि हरणासाठी तेवढे पुरेसे आहे. पुढच्या लाकडी मुठीचा स्क्रू किती घट्ट आहे यावर नेम सरकतो, म्हणून तो प्रत्येक वेळी सारखाच घट्ट करावा, आणि एकदा निशाण बसवल्यावर हंगाम संपेपर्यंत मूठ काढू नये. चापाचा दाब जड असतो आणि तो हलका करण्याच्या फंदात पडू नये. आणखी एक सवय लावून घ्यावी लागेल : पहाटेच्या शांततेत आवाज नको म्हणून बोल्ट हाताने धरून हळूच पुढे सोडण्याचा मोह होतो, पण त्यामुळे बोल्टचे डोके पूर्ण फिरत नाही आणि ऐन वेळी चाप ओढल्यावर काहीच घडत नाही. बोल्ट पूर्ण मागे ओढून स्प्रिंगच्या जोराने पुढे जाऊ द्यावा, आणि त्यासाठी उजाडण्यापूर्वी, परवानगीची वेळ सुरू होताच, तो आवाज एकदाचा होऊ द्यावा.

कायद्याबद्दल थोडक्यात सांगतो. मिशिगनमध्ये शिकारीच्या अर्धस्वयंचलित सेंटरफायर (काडतुसाच्या तळाच्या मध्यावर आघात होणाऱ्या, जशी .३०-०६) रायफलीत नळी आणि मॅगझिन मिळून सहापेक्षा जास्त काडतुसे मावता कामा नयेत. ७४२ मध्ये मूळ मॅगझिनसह पाच मावतात. आपण १ जानेवारी १९६० रोजी किंवा त्यानंतर जन्मलेले असाल तर शिकारी सुरक्षा अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र लागते, जे आपल्याकडे असेलच. आपल्यासारख्या अनेक मराठी मंडळींना लागू होणारा मुद्दा व्हिसाचा आहे. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर अडचण नाही, परंतु एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना संघीय कायद्याने बंदूक बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे आणि वैध शिकार परवाना असणे हा त्याला असलेल्या अपवादांपैकी एक आहे. तो परवाना मुदतीत आहे ना, हे अशा व्यक्तीने कटाक्षाने पाहावे आणि शंका असल्यास वकिलाचा सल्ला घेऊनच खरेदी करावी. पुढे कधी भारतात परतताना ही रायफल नेण्याचा विचारही करू नये; तेथे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि अर्धस्वयंचलित रायफली शस्त्र नियमांत निर्बंधित वर्गात मोडतात.

तेव्हा आपल्या बाबतीत माझा सल्ला असा आहे : वर्षाला एखादी पेटी वापरायची आपली सवय असेल, रेल स्वच्छ असेल आणि झाडलेल्या पुंगळ्यांच्या कडा शाबूत असतील, तर आपल्या सहकाऱ्याची ७४२ खुशाल घ्यावी, ती आपल्या शिकारीच्या वर्षांना सहज पुरेल. घेतल्यावर ऑक्टोबरमध्ये एक दिवस मैदानावर जाऊन १०० यार्डांवर निशाण बसवावे. नळी लवकर तापते आणि तापल्यावर गोळ्या सरकतात, म्हणून एका वेळी तीनच गोळ्या झाडून नळी हाताला गार लागेपर्यंत थांबावे, आणि स्कोपची अंतिम जुळवणी थंड नळीतून गेलेल्या पहिल्या गोळीवरूनच करावी, कारण १५ नोव्हेंबरला हंगाम सुरू होईल तेव्हा हरणावर जाणारी गोळी तशाच नळीतून जाणार आहे. घरी आल्यावर त्याच संध्याकाळी चेंबर ब्रशने साफ करून कोरडे करावे आणि रेलवर ग्रीसचा हात फिरवून मगच रायफल कपाटात ठेवावी.